बाहीची लांबी

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी आज माझ्या गुडघ्यांचा निकाल लावला. उजवा गेल्यात जमा, डावा त्याच्या मागोमाग. पायाने चालवायचं शिलाई मशीन बंद करा म्हणाले. मी म्हटलं, मोटर बसवून घेते. तर म्हणतात, "मोटर मशीनला बसेल हो, गुडघ्याला कुठे बसवणार?" आणि स्वतःच हसले. त्यांच्या पँटची शिवण मागून एका बाजूला ओढली होती, पण मी त्यांना सांगितलं नाही.

मग विचारलं, पोहायला येतं का? पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही, नियमाने पोहलात तर गोळ्या कमी करता येतील. मी लगेच म्हटलं, "नाही येत." शेजारी सून बसली होती. ती म्हणाली, "येतं की, आई! तुमचे बाबा होडी चालवायचे ना? तुम्ही तळं आरपार पोहून जायचात." आमच्या चिरंजीवांच्या पोटात काही म्हणून राहत नाही. स्वतः मालबोटीवर इंजिनं दुरुस्त करत फिरतात आणि घरातलं सगळं बायकोला सांगून ठेवलंय.

घरी येताना मी तिच्याशी बोलले नाही. आता हातांना काम नाही म्हणून ही डायरी काढली. कापडवाले दरवर्षी एक देतात, आजवर तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहीत आले.

५ मार्च, बुधवार

इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहिते. मला पोहता येतं. नुसतं येतं नाही, चांगलं येतं. पण पोहायचं तर अंग उघडं टाकावं लागतं आणि ते माझ्याने व्हायचं नाही.

मुलगा झाल्यावर खांद्यावर पहिला पांढरा डाग आला. मग पाठभर पसरले, मग दंड, मांड्या, पोटऱ्या. लोकांकडे त्यासाठी एक शब्द आहे, तो मी वापरत नाही. मी त्यांना ठिगळं म्हणते. माझ्या बाह्यांची लांबी फॅशनने कधी ठरली नाही, ठिगळांनी ठरवली. डाग दंडावर आला, मी बाही कोपरापर्यंत नेली. कोपराखाली उतरला, मी मनगटापर्यंत गेले. शिवणारी स्वतःच असल्यामुळे कुणाला कारण सांगायची वेळ आली नाही. चेहरा आणि पंजे तेवढे वाचले, त्यामुळे गिऱ्हाइकांना आजतागायत पत्ता नाही. आमच्या ह्यांना माहीत होतं. ते त्यावरून एका शब्दाने कधी बोलले नाहीत. भला माणूस होता.

सुनेला आणि नातीलाही ठाऊक आहे, एका घरात किती लपवणार? पण त्यावर बोलायचं नाही, हे या घरात न सांगता ठरलेलं आहे.

७ मार्च, शुक्रवार

भिंगरी शाळेतून आली ती थेट कपाटाकडे गेली आणि आपले सगळे फ्रॉक माझ्या मांडीवर आणून टाकले. भिंगरी म्हणजे नात. दहा वर्षांची आहे. नवा कपडा अंगावर चढला की गिरकी घेतल्याशिवाय राहत नाही, म्हणून हे नाव.

"आजी, ह्यांना लांब बाह्या लाव. तुझ्यासारख्या."

"अगं, ऊन तापायला लागलंय. उकडशील."

"उकडू दे."

टेप घेतली तर मापाला उभी राहीना. डावा हात अंगाशी घट्ट. "शाळेच्या कोटाचं माप आहे ना तुझ्याकडे? त्यावर कर." आजकाल मुलींमध्ये कधी काय निघेल सांगता येत नाही. पण "तुझ्यासारख्या" म्हणाली त्याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? हातशिलाईने बाह्या लावून दिल्या, मनगटाला एकेक छोटी गुंडी. घालून आरशापुढे उभी राहिली. गिरकी घेतली नाही. झोप आली असेल.

१० मार्च, सोमवार

भिंगरीने पोहण्याचा वर्ग सोडला. कानात पाणी जातं म्हणे. तिच्या वर्गात सगळ्यात पुढे तीच असायची. माझ्याकडूनच आलं असेल ते, पण मी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

आज बटाटे सोलताना सून सहज विचारावं तसं म्हणाली, "आई, तुम्हाला पहिला डाग दिसला तो केवढा होता?"

सुरी माझ्या हातात होती, हे तिच्या लक्षात नसावं.

"खाज सुटायची का? पसरायला वेळ लागला का? तेव्हा कुणाला दाखवलं होतं?"

मी म्हटलं, "लग्न होऊन पंधरा वर्षं झाल्यावर आता चौकशी? आधी करायची होतीस." तिचा चेहरा पडला. पडू दे. परवापासून बघतेय, तिची नजर माझ्या मनगटांवर असते. आणि न्हाणीघरात भिंगरीच्या टॉवेलसाठी तिने वेगळा खिळा ठोकलाय. कळतं मला. हे पसरत नाही, लागत नाही, हे मी कितीदा आणि कुणाकुणाला सांगायचं? माझा टॉवेल मीच आता माझ्या खोलीत वाळत घालते.

१३ मार्च, गुरुवार

सुनेने भिंगरीला डॉक्टरकडे नेऊन आणलं, कानासाठी. त्यांनी मलम दिलंय. कानाला मलम! आमच्या वेळी थेंब असायचे. आणि लावतात तेही दार बंद करून. दोघी आत काय कुजबुजतात कोण जाणे.

१५ मार्च, शनिवार

सुनेने परस्पर तरणतलावावर माझं नाव घालून टाकलं. चहाचा कप पुढे ठेवला आणि सांगितलं, "बुधवारी आणि शनिवारी दुपारी फक्त बायकांची वेळ असते, आई. भिंगरी येईल सोबत, पिशवी धरायला."

"तिचा कान?"

"ती पाण्यात नाही उतरणार. बाकावर बसेल. तुम्हाला बघेल."

मला बघून काय मिळणार आहे तिला? मला समजलं काय ते. आठवड्यातून दोन दुपारी सासूबाई घराबाहेर, म्हणजे घर मोकळं. बरं. मीही होडीवाल्याची मुलगी आहे. जाते आणि दाखवते. पण माझ्या अटीवर, आणि माझ्या कपड्यात.

१८ मार्च, मंगळवार

दुकानात पोहण्याचे पोशाख पाहून आले. काही तर हातरुमालाएवढे. अंगभर झाकणारे असतात, पण ते असे चिकटतात की डाग लपतील आणि बाकी सगळं कुणीही नजरेने मापून घेईल. मापं मी दुसऱ्यांची घेते, माझी कुणी घ्यायची नाहीत.

म्हणून स्वतःच बेतला. कापड निवडायला थोडी अक्कल लावली. पाणी आत येऊ नये तर कोणतं कापड हवं? छत्रीचं. काळं, दाट, थेंबही शिरू न देणारं. गळा बंद, बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, चारही टोकांना आवळून इलास्टिक. आतून अस्तर. कमरेला झालर, म्हणजे बसता-उठता अवघडायला नको. सगळं हाताने, दुहेरी टीप. घालून पाहिला. एकही ठिगळ दिसत नाही. दुकान सुरू केल्यापासून एवढं मन लावून मी काही शिवलं नव्हतं. भिंगरी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजी, मलाही असाच शिवशील?"

१९ मार्च, बुधवार

आजचं लिहायला हात धजत नाही.

कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. तिथवर सगळं बेतल्याप्रमाणे. पाण्यात कमरेपर्यंत उतरले. छत्रीचं कापड आपलं काम चोख करत होतं, थेंब आत नाही. पण आतली हवा जाणार कुठे? चारही टोकं मीच आवळलेली. ती सगळी वर सरकली आणि पाठीवर कुबड होऊन बसली. झालर फुगून पाण्यावर उघडली. पाय उचलले, तर मी कुबडासकट तरंगायला लागले, तोंड खाली. हात मारावा तर पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी गोल फिरायला लागले. धडपडीत गळ्यातून पाणी आत शिरलं, आणि शिरलं ते बाहेर पडायचं नाव घेईना, कारण टीप माझी. दोन्ही पाय भरलेल्या पोत्यांसारखे झाले.

तिथे पोहणं शिकवणारी एक बाई आहे, गळ्यात सदैव शिट्टी. तिने लांब बांबू पुढे केला आणि मला काठाशी ओढलं. शिडीवर पाय चढेना. शेवटी भिंगरीला हाक मारून पिशवीतली उसवायची कात्री मागवली आणि पायरीवर बसून मी स्वतःच्या हाताने घोट्याजवळची शिवण उसवली. भळाभळा पाणी वाहिलं. बायका हसत होत्या. शिट्टीबाई हसू दाबत होती, ते जास्त लागलं.

आणि भिंगरी बाकावर पोट धरून लोळत होती. बऱ्याच दिवसांत ही पोर अशी हसली नव्हती. तेवढंच एक बरं झालं म्हणायचं.

पोटरीवरचं ठिगळ दिसलं असणार. कापड उसवलं तेव्हा गुडघ्यापर्यंत पाय उघडा होता. मी पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळी सुनेला सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "आई, तिच्यासमोर तरी सोडू नका हो." मी म्हटलं, त्या शिट्टीबाईसमोर माझी काय पत जायची राहिलीय?

दुपारी पाणी प्यायला गेले तर ओट्याकडे तोंड करून, नळ सोडून रडत होती. मी आल्या पावली मागे फिरले. माझ्या गुडघ्यांसाठी कुणी एवढं रडावं? पंधरा वर्षं एका घरात राहून मी या बाईला ओळखलंच नाही असं वाटलं. आणि मी टॉवेलवरून मनात काय काय धरून बसले होते!

शनिवारी जाईन. आपल्यापायी कुणी नळ सोडून रडू नये.

२२ मार्च, शनिवार

छत्रीच्या कापडाची मी पिशवी करून टाकली, ओले कपडे ठेवायला. अतिशय उत्तम पिशवी झाली आहे. नवा पोशाख पातळ, ताणणाऱ्या कापडाचा, अस्तर नाही, झालर नाही. बाह्या मात्र मनगटापर्यंतच.

आज फक्त कठडा धरून पाय मारले. गुडघा दुखला नाही. शेजारी एक भलीमोठी बाई पाठीवर निवांत पडलेली असते, पूर्वी शाळेत गणित शिकवायची. हात नाही, पाय नाही, नुसती तरंगते. मी तिला मनात तरंगबाई म्हणते. तिने डोळे न उघडताच विचारलं, "तो फुग्याचा पोशाख कुठे गेला? मी माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं होतं त्याबद्दल."

"पिशवी केली त्याची."

"अरेरे," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं असावं.

२६ मार्च, बुधवार

आज कठडा सोडला. शरीर विसरत नाही हे खरं आहे, पण बाह्या विसरू देत नाहीत. दर हाताला पाणी भरून मागे ओढतात. शिट्टीबाई काठावरून म्हणाली, "काकू, हात सुरेख पडतोय तुमचा. ती बाही काढा, नाहीतर निम्मी ताकद तिलाच ओढण्यात जाते." एवढ्या लोकांत मोठ्याने. मी म्हटलं, बघू.

घरी येऊन पोशाख मांडीवर घेतला. कात्री हातात घेऊन बराच वेळ बसले. दुसऱ्यांची कापडं मी बोलता बोलता कापते. शेवटी कोपराशी खूण केली आणि कापलं. भिंगरी समोर गृहपाठ करत होती. कात्रीचा आवाज झाल्यावर तिने वर पाहिलं, मग पुन्हा वहीत. गृहपाठ मात्र पुढे सरकला नाही.

२९ मार्च, शनिवार

कोपराखालचे हात उघडे टाकून पाण्यापर्यंत चालत गेले. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून पाठीमागे बांधले, एखाद्या शाळा तपासनीसासारखे. एका बाईने पाहिलं आणि विचारलं, "साबण आहे का तुमच्याकडे?" बस. तरंगबाईने तर डोळेच उघडले नाहीत. एवढी वर्षं ज्याला भ्याले ते असं फुसकं निघावं? जरासा अपमानच झाल्यासारखं वाटलं.

भिंगरी बाकावर बसून घामाने निथळत होती, मनगटापर्यंत गुंडी लावून. म्हटलं, गुंडी तरी काढ. नाही म्हणाली.

२ एप्रिल, बुधवार

आज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. न थांबता.

मधोमध पोचल्यावर कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. खाली फरशीवर उन्हाच्या रेघा हलत होत्या. तळ्यात असताना बाबा होडीतून माझ्या बरोबरीने वल्हवत यायचे, काही बोलायचे नाहीत, नुसतं वल्ह्याचं पाणी ऐकू यायचं. आज तसं काही ऐकू आलं नाही, पण मी घाबरले नाही. पलीकडचा कठडा हाताला लागला आणि मला रडू आलं. पाण्यात असल्याने कुणाला कळलं नाही. मला इतका आनंद झाला होता की घरी चालत आले, रिक्षा विसरून. गुडघा आता बोंबलतोय. बोंबलू दे.

आल्याबरोबर उरलेली बाही खांद्याशी कापली. पाणी आणि माझ्यामध्ये आता ती नको.

५ एप्रिल, शनिवार

सगळा दंड उघडा टाकून गेले, पाठीचा गळाही थोडा उतरवला होता. शिडीपाशी पोचले तोच आईचं बोट धरून आलेली एक चिमुरडी खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, ह्या आजीच्या अंगावर खडू कुणी सांडला?"

आईने तिचं तोंड दाबलं. सगळ्यांच्या माना वळल्या. तरंगबाईनेसुद्धा डोळे उघडले. मी शिडीचा दांडा धरून उभी राहिले. टॉवेल बाकावर होता, भिंगरीजवळ. तिच्याकडे वळले.

ती उठून उभी होती. चेहरा पांढराफटक. बाह्यांची टोकं ओढून मुठीत आवळून धरली होती. आणि बघत होती त्या मुलीकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, पोरीला माझी लाज वाटतेय. टॉवेल मागितला तर तिला तो घेऊन सगळ्यांदेखत माझ्याजवळ यावं लागेल, सगळ्यांना कळेल ही हिची आजी. तेवढ्यासाठी मी टॉवेल मागितला नाही.

मग करायचं काय? मी त्या चिमुरडीला म्हटलं, "खडू नाही गं. रंग उडालाय. कापडाचा उडतो ना, तसा."

"दुखतं?"

"अजिबात नाही."

"धुतल्यावर जातं?"

"मी पुष्कळ धुतलं. जात नाही."

तिने थोडा विचार केला. "मला कानामागे तीळ आहे," म्हणाली आणि केस बाजूला करून दाखवला. मी तो नीट पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि पाण्यात उतरले. पोहून बाहेर आले तेव्हा टॉवेल घेऊन भिंगरी शिडीपाशी उभी होती. स्वतःहून. रस्ताभर माझा हात सोडला नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी भिंगरी सुईत दोरा ओवून द्यायला बसली होती. माझी नजर आता तेवढी पोचत नाही. मध्येच म्हणाली, "आजी, तुला पहिला आला तेव्हा तू काय केलंस?"

आईसारखीच. पण हिच्यावर मला रागावता येत नाही. "बाही लांब केली."

"मग?"

"मग अजून लांब केली."

"मग?"

"मग काय? पोहणं सोडलं."

"केवढी वर्षं?"

"तुझ्या बाबाच्या वयाएवढी."

तिने दोरा ओवला, गाठ मारली, सुई माझ्या हातात दिली. मग खाली बघत विचारलं, "मग ती सगळी वाया गेली?"

लहान मुलांना असं बोलायची मुभा आपण का देतो कळत नाही. मी काहीतरी बरंसं सांगणार होते, संसार होता, दुकान होतं, वेळ कुठे होता. पण कालच्या त्या चिमुरडीला खरं सांगितलं होतं, आणि ही तर माझी स्वतःची. म्हटलं, "हो. वाया गेली."

ती उठून आईकडे गेली. मी सुई हातात धरून तशीच बसले. हे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते.

९ एप्रिल, बुधवार

हळूहळू, क्रमाने लिहिते.

सकाळी मी पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात, कटिंगच्या टेबलाशी होते. भिंगरी आली, हातात ते सगळे लांब बाह्यांचे फ्रॉक. म्हणाली, "आजी, बाह्या काप." दारात तिची आई उभी होती, ओल्या हाताने, हात न पुसता.

मी टेप घेतली. "उभी राहा सरळ. या वेळी माप घेतल्याशिवाय कापायची नाही." तिने अंगातल्या फ्रॉकची डावी गुंडी काढली, बाही वर सरकवली आणि हात माझ्यासमोर लांब केला.

कोपराच्या आतल्या बाजूला होता. बटणाएवढा. त्याच्या वर अजून एक, त्याहून लहान.

टेप माझ्या हातात होती आणि मी माप घ्यायचं विसरले. मलम कानाचं नव्हतं. खिळा माझ्यामुळे ठोकला नव्हता, पोरीला न्हाणीघरातूनच हात झाकून बाहेर पडता यावं म्हणून ठोकला होता. बटाटे सोलताना ती बिचारी काय विचारत होती आणि मी तिला काय ऐकवलं! तिच्यासमोर सोडू नका म्हणाली ती कुणाबद्दल, तेही आता लख्ख दिसलं. उभ्या गावाच्या अंगाची खोड मला कपड्यावरून कळते, आणि घरातल्या पोरीने महिनाभर माझ्यासमोर हात आवळून धरला तो मला दिसला नाही.

सुनेकडे बघून मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

भिंगरीच मध्ये म्हणाली, "मी शपथ घातली होती आईला. तुला वाटलं असतं तुझ्यामुळे झालं. मग तू रडली असतीस."

मी रडलेच. खुर्चीत बसून, टेपने डोळे पुसत, चांगली रडले. दहा वर्षांची पोर मला जपत होती, त्यासाठी उन्हाळ्यात बाह्या घालून घामाने निथळत होती. भिंगरीने वाट पाहिली. मग मी नाक पुसलं, कात्री उचलली आणि विचारलं, "कुठपर्यंत कापू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी घरातल्या कपड्यात होते, बाही मनगटाला, गुंडी लावलेली. पाण्यातला पोशाख तेवढा कापला होता मी. तलावाबाहेर आल्यावर दर वेळी पुन्हा तीच बाही.

"आधी तुझी," ती म्हणाली.

समोरचं दार उघडं होतं. मशीन बंद असलं तरी दुकानाच्या पायरीवर एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, हाताने शिवायच्या ब्लाउजचं कापड घेऊन. रस्त्यावरून माणसं जात होती. मी कात्री सुनेच्या हातात दिली, कारण स्वतःच्या अंगावरची बाही स्वतःला सरळ कापता येत नाही. तिने कात्री उघडली आणि तशीच धरून ठेवली. म्हटलं, "घाबरू नकोस, कापडच आहे." तिने दंडापाशी कापली. एक, मग दुसरी. वारा लागला तिथे. दिवसाउजेडी, माझ्या दुकानात.

मग मी भिंगरीची कापली. मग गिऱ्हाइकाला आत बोलावलं. बाईने माझ्या हातांकडे पाहिलं, पाहतच राहिली. मी म्हटलं, "श्वास सोडा, पोट आत ओढू नका, मग ब्लाउज तंग होतो आणि दोष माझ्यावर येतो." तिने श्वास सोडला आणि मी माप घेतलं.

१२ एप्रिल, शनिवार

आज दोघी पाण्यात होतो. भिंगरी माझ्या पुढे निघून गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, तर शिट्टीबाईने शिट्टी मारली ती मला, म्हणे काकू, रांगेत राहा. शिडी चढताना एका मुलीने भिंगरीला विचारलं, "हे काय झालंय?" ती म्हणाली, "रंग उडालाय. आमच्याकडे उडतो." आणि पुन्हा उडी मारली. तरंगबाईच्या तोंडावर पाणी उडालं, तिने डोळे न उघडताच ते पुसलं.

घरी आल्यावर तिने बिनबाहीचा फ्रॉक घातला आणि दिवाणखान्यात गिरकी घेतली. पाण्याचा ग्लास पडला.

कापलेल्या बाह्यांची सुनेने भांडी उतरवायची फडकी शिवली आहेत, माझ्या आणि भिंगरीच्या बाह्या एकमेकींना जोडून. तिचं शिवणकाम आहेच तसं. टीप वाकडी गेलीय, एक कोपरा तर सरळसरळ सुटलाय. संध्याकाळचा चहा त्याच फडक्याने उतरवला.